डीपमाइंडच्या कामाचा विदर्भाला उपयोग किती?

प्रश्न नागपुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे. गूगल डीपमाइंड या एआय संशोधन कंपनीने आजवर नेमकं काय साधलं, त्यातलं बातम्यांपुरतं किती आणि प्रत्यक्ष वापरात किती, आणि विदर्भात राहून या क्षेत्रात काही करायचं तर कुठून सुरुवात करावी, असं त्यांनी विचारलंय.

आधी सांगतो, माझा या कंपनीशी काही संबंध नाही. परसोडीच्या आयटी पार्कात बसून कॅमेऱ्याने संत्र्यांची प्रतवारी, कारखान्यातल्या मालाची तपासणी असली मशीन लर्निंगची, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्राम (मॉडेल्स) बनवण्याची कामं करतो. डीपमाइंडचे शोधनिबंध (पेपर) मात्र सुरुवातीपासून वाचत आलोय आणि त्यांनी खुलं केलेलं बरंच काही वापरलंय. त्यावरून माझं मत असं झालंय की विज्ञानात या कंपनीचं काम खरोखर मोठं आहे, दवाखान्यात बेताचं आहे आणि शेतापर्यंत ते आत्ता कुठे पोचतंय. कारणही सरळ आहे. जिथे खेळासारखे पक्के नियम होते, किंवा दुसऱ्या कुणीतरी पन्नास-पन्नास वर्षं नेटाने नोंदी करून ठेवल्या होत्या, तिथे यांची मॉडेल्स चालली. जिथे हे दोन्ही नव्हतं, तिथे अडली.

कंपनी २०१० साली लंडनमध्ये सुरू झाली. डेमिस हसाबिस, शेन लेग आणि मुस्तफा सुलेमान हे संस्थापक. हसाबिस लहानपणी बुद्धिबळातला नावाजलेला मुलगा, पुढे व्हिडिओ गेम बनवणारा, मग मेंदूविज्ञानात पीएचडी. २०१४ मध्ये गूगलने कंपनी विकत घेतली. २०२३ च्या एप्रिलमध्ये गूगलचाच ‘ब्रेन’ हा संशोधन गट तिच्यात मिसळला आणि गूगल डीपमाइंड हे नाव आलं. मोबाइलमध्ये दिसणारं, प्रश्नांना उत्तरं देणारं जेमिनी याच घरातलं.

खेळांना पोरखेळ समजू नका. २०१५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या त्यांच्या पेपरात एकच प्रोग्राम अटारीचे ४९ जुने व्हिडिओ गेम शिकला होता, तेही पडद्यावरचे ठिपके आणि गुण एवढंच पाहून. प्रत्येक खेळासाठी वेगळे नियम कुणी शिकवले नव्हते. काही खेळांत तो माणसापेक्षा सरस ठरला. पण ‘मॉन्टेझुमाज रिव्हेंज’ या खेळात त्याला शून्य गुण, कारण तिथे पहिला गुण मिळायलाच एकामागून एक बऱ्याच गोष्टी बरोबर कराव्या लागतात. बक्षीस उशिरा मिळत असेल तर शिकणं अवघड जातं, ही अडचण आजही पूर्ण सुटलेली नाही.

मग आल्फागो, गो हा पटावरचा खेळ खेळणारा प्रोग्राम. २०१६ च्या मार्चमध्ये सोलमध्ये त्याने कोरियाचा नामांकित गो खेळाडू ली सेडॉलला ४-१ ने हरवलं. दुसऱ्या डावातली ३७ वी चाल गाजली, कारण जाणकारांना ती आधी चूकच वाटली होती. चौथा डाव ली सेडॉलने जिंकला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. आल्फागोने सुरुवात माणसांच्या डावांवरून केली होती. केजीएस नावाच्या सर्व्हरवर हौशी खेळाडूंचे डाव साठलेले होते, त्यातल्या पटावरच्या सुमारे ३ कोटी स्थिती त्याने घोकल्या. २०१७ मध्ये आलेल्या आल्फागो झिरोने मात्र माणसाचा एकही डाव न पाहता, स्वतःशीच खेळून जुन्या आल्फागोला १००-० ने हरवलं. हे जमलं कारण गो या खेळाचे नियम पूर्ण माहीत आहेत, त्यामुळे मशीन स्वतःसाठी हवे तेवढे डाव तयार करू शकतं. कापसाचं शेत असं स्वतःशी खेळू शकत नाही. बोंडअळीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो.

नागपूरकरांसाठी इथे एक गमतीची गोष्ट आहे. दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकली तेव्हा धरमपेठेपासून महालापर्यंत सगळे अचानक बुद्धिबळाचे जाणकार झाले. आज गंभीरपणे खेळणारा जवळपास प्रत्येक जण बुद्धिबळाच्या ज्या प्रोग्रामांवर (इंजिनांवर) तयारी करतो, त्यांच्यात न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी रचना आहे. डीपमाइंडच्या आल्फाझिरोने २०१७ च्या शेवटी फक्त नियमांवरून बुद्धिबळ शिकून स्टॉकफिश या आघाडीच्या इंजिनाला मागे टाकलं. कंपनीने तो प्रोग्राम लोकांना दिला नाही, पण पेपर वाचून स्वयंसेवकांनी लीला चेस झिरो बनवलं, आणि २०२० मध्ये स्टॉकफिशनेही न्यूरल नेटवर्क आत घेतलं. तेव्हा ‘प्रत्यक्षात काय उपयोग’ याचं पहिलं उत्तर शहरातल्या बुद्धिबळाच्या क्लासमध्येच आहे.

आता मुख्य काम, प्रथिनांचे आकार सांगणारा आल्फाफोल्ड. यावर जरा थांबतो, कारण २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल यावर मिळालं (निम्मं हसाबिस आणि जॉन जंपर यांना, निम्मं डेव्हिड बेकर यांना) तरी कामाचं स्वरूप आपल्याकडे नीट सांगितलं गेलं नाही. ‘एआयने जीवनाचं रहस्य उलगडलं’ छाप मथळे तेवढे येऊन गेले.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ही माळ शरीरात स्वतःभोवती गुंडाळली जाऊन एक विशिष्ट आकार घेते आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. माळेतला क्रम काढणं आता सोपं आणि स्वस्त आहे. आकार शोधणं मात्र महाकठीण. प्रथिनाचा स्फटिक बनवा, त्यावर क्ष-किरण सोडा, आकडेमोड करा. एका प्रथिनासाठी एखाद्याची अख्खी पीएचडी जायची. क्रमावरून थेट आकार सांगता येईल का, हा प्रश्न जुना. त्यासाठी १९९४ पासून दर दोन वर्षांनी कॅस्प नावाची परीक्षा होते. प्रयोगशाळेत आकार सापडलेला असतो पण जाहीर झालेला नसतो, आणि स्पर्धकांनी तो न पाहता सांगायचा. २०२० च्या परीक्षेत आल्फाफोल्ड २ ला १०० पैकी ९२.४ हा मध्यक मिळाला. प्रयोगातून मिळणाऱ्या अचूकतेच्या जवळ जाणारा तो आकडा होता.

हे कसं जमलं? एकच प्रथिन माणसात, उंदरात, माशात, जिवाणूत थोड्याफार फरकाने असतं. हे सगळे क्रम एकाखाली एक मांडले की दिसतं, समजा ४० वी जागा बदलते तेव्हा ११० वीही बदलते. म्हणजे गुंडाळलेल्या माळेत त्या दोन जागा बहुधा एकमेकींना लागून असाव्यात. आल्फाफोल्ड या जोड्यांवरून अंतरांचा अंदाज बांधतो आणि तो वारंवार सुधारतो. पण हे शिकायला बरोबर उत्तरं लागतात. ती प्रोटीन डेटा बँकेत होती. ही बँक १९७१ मध्ये अवघ्या सात आकारांवर सुरू झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी तिच्यात दीड लाखाहून जास्त आकार एकाच पद्धतीने, तपासून, फुकट जमा केले. पन्नास वर्षांचं हे हमालीचं काम नसतं तर आल्फाफोल्डही नसता. त्यात भारताचाही वाटा आहे. जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये सहकाऱ्यांसोबत १९६३ साली मांडलेला आलेख आजही प्रथिनाचा आकार शक्य कोटीतला आहे का हे तपासायला वापरतात, आल्फाफोल्डने दिलेल्या आकारालाही तोच लावतात.

२०२१ मध्ये कंपनीने कोड खुला केला आणि युरोपीय बायोइन्फर्मेटिक्स संस्थेसोबत आकारांचा साठा सर्वांसाठी ठेवला. २०२२ च्या जुलैपर्यंत त्यात २० कोटींहून जास्त प्रथिनं आली. माझ्या मते कंपनीचा सगळ्यात मोठा निर्णय हाच, मॉडेलपेक्षाही मोठा. ऑक्सफर्डच्या संशोधकांना हिवतापाच्या फाल्सिपेरम जंतूवरच्या एका प्रथिनाचा आकार नीट लागत नव्हता. ते प्रथिन डासामार्फत होणारा प्रसार रोखणाऱ्या लसीसाठी महत्त्वाचं आहे. प्रयोगातली माहिती आणि आल्फाफोल्डचा अंदाज एकत्र ठेवल्यावर कोडं सुटलं. गडचिरोलीत फाल्सिपेरमने काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. लस अर्थात अजून आलेली नाही.

आता मर्यादा, आणि त्यासाठी आपल्याच भागातलं उदाहरण. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात किती आहे हे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत एक दिवस बसलात तरी कळेल. या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एक मणी बदलला, एवढंच. मग आल्फाफोल्डला दोन्ही क्रम द्या आणि निरोगी आकार कोणता, आजारी कोणता ते पाहा. दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतील! कारण सिकलसेलमध्ये एकट्या रेणूचा आकार फारसा बिघडत नाही. ऑक्सिजन सुटल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे बनतात आणि पेशी वाकडी होते. शिवाय आल्फाफोल्ड एकेका मण्याच्या बदलाबाबत तसाही ठोकळ आहे. त्याला हजारो जातींमधलं साम्य दिसतं, एका कुटुंबातला फरक नाही. हा आजार कशाने होतो हे १९५० च्या दशकातच कळलं होतं. आज अडतंय ते गावोगावी वेळेवर तपासणी आणि औषध पोचण्यात. त्यावर आल्फाफोल्डकडे उत्तर नाही, आणि असावं अशी अपेक्षा करणंही चूक.

एकेका बदलासाठी त्यांनी २०२३ मध्ये आल्फामिसेन्स आणलं. माणसाच्या प्रथिनांत एक अमिनो आम्ल बदलणारे सुमारे ७.१ कोटी संभाव्य बदल त्याने पाहिले आणि त्यातले ८९ टक्के निरुपद्रवी की घातक असे वर्गात टाकले. कुठे आधी पाहायचं हे ठरवायला संशोधकाला ते उपयोगी आहे. रुग्णाच्या रिपोर्टवर शिक्का मारायला नाही.

एक सवय लावून घ्या. आल्फाफोल्डचा आकार उघडला की आधी रंग पाहा. प्रत्येक जागेला ० ते १०० असा भरवशाचा आकडा असतो. ९० च्या वर गडद निळा, ५० च्या खाली नारिंगी. नारिंगी दोऱ्यासारखे लोंबणारे भाग पाहून ‘इथे औषध बसेल’ असं लिहिलेले प्रोजेक्ट रिपोर्ट मी वाचलेत. त्या भागाला बहुधा ठरलेला आकारच नसतो, आणि मॉडेल तेच प्रामाणिकपणे सांगत असतं.

औषधांचं म्हणाल तर २०२१ मध्ये त्यासाठी आयसोमॉर्फिक लॅब्स ही वेगळी कंपनी निघाली, २०२४ च्या सुरुवातीला एली लिली आणि नोव्हार्टिसशी करार झाले. तिचं एकही औषध अजून केमिस्टच्या दुकानात आलेलं नाही. आकार कळणं ही औषधाच्या वाटेवरची एक पायरी. विषारीपणा, शरीरात टिकणं, माणसांवरच्या चाचण्या यांना वर्षं लागतात आणि ती घटवण्याचा जादूचा उपाय निघालेला नाही. २०२४ मध्ये आल्फाफोल्ड ३ चा पेपर कोडशिवाय छापला, तेव्हा शास्त्रज्ञांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. नोव्हेंबरमध्ये कोड आला, पण शैक्षणिक वापरापुरता. धंद्याची गणितं जवळ आली की दारं किलकिली होतात. फुकट मिळतंय तेवढं घ्या, पण ते कायम मिळेल असं धरून संस्था उभी करू नका.

हवामानाकडे येतो, कारण आपल्यासाठी सगळ्यात जवळचा उपयोग हाच आहे. नेहमीची पद्धत म्हणजे वातावरणाची भौतिकशास्त्राची समीकरणं सुपरकॉम्प्युटरवर तासन्‌तास सोडवणं. डीपमाइंडच्या ग्राफकास्टने (२०२३) समीकरणं बाजूला ठेवली आणि युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राने सांभाळलेल्या सुमारे चाळीस वर्षांच्या नोंदींवरून ‘आत्ता असं असेल तर सहा तासांनी कसं’ हे शिकलं. दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका चिपवर मिनिटाच्या आत. तपासलेल्या १,३८० मापांपैकी ९० टक्क्यांवर त्याने त्या केंद्राच्या मुख्य मॉडेलला मागे टाकलं. त्यानंतरचं जेनकास्ट (२०२४) एकच उत्तर न देता अनेक शक्यता देतं, पंधरा दिवसांपर्यंत. युरोपच्या केंद्राने तर २०२५ च्या फेब्रुवारीत स्वतःचं एआय मॉडेलच रोजच्या कामात आणलं.

मात्र एक गोष्ट निसटते. ही मॉडेल्स सुरुवातीची स्थिती कुठून घेतात? त्याच जुन्या भौतिकशास्त्रीय यंत्रणेकडून, जी उपग्रह, फुगे, जहाजं आणि वेधशाळांच्या नोंदी एकत्र गुंफते. आपल्या सोनेगावच्या हवामान केंद्रातल्या नोंदीही त्याच जागतिक ओघात जातात. तेव्हा ‘एआय आलं, आता वेधशाळा कशाला’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडा.

शेतकऱ्यापर्यंत हे पोचलंय का? २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मॉन्सून कधी पोचेल याचे एआय-आधारित अंदाज मोबाइलवर पाठवले. त्यात गूगलचं न्यूरलजीसीएम हे हवामानाचं मॉडेल, युरोपच्या केंद्राचं एआय मॉडेल आणि आपल्या हवामान खात्याच्या जुन्या पावसाच्या नोंदी यांची सांगड होती. न्यूरलजीसीएम हे गूगलच्या दुसऱ्या संशोधन गटाचं काम, सगळं श्रेय डीपमाइंडला देऊ नये. त्या वर्षी मॉन्सून २४ मेला केरळात लवकर आला आणि मग वाटेत बरेच दिवस अडकला. अंदाजाने हा खंड आधी दाखवला होता. कापूस लावणाऱ्याला याचा अर्थ कळतो: पहिल्या सरीवर बियाणं टाकायचं की थांबायचं. चुकलं तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा.

पण शहराचं काय? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चारेक तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. ग्राफकास्टच्या नकाशाची एक चौकट सुमारे २८ किलोमीटरची आहे. म्हणजे अख्खं नागपूर एका-दोन चौकटींत बसतं आणि अंबाझरीवरचा ढग त्यात विरघळून जातो. शिवाय सरासरी चूक कमी करायला शिकलेली मॉडेल्स टोकाचा पाऊस मवाळ करून सांगतात. अशा पावसासाठी त्यांचंच एक वेगळं, जुनं काम आहे. २०२१ मध्ये ब्रिटिश हवामान खात्यासोबत त्यांनी रडारच्या चित्रांवरून पुढच्या ५ ते ९० मिनिटांचा पाऊस सांगणारं मॉडेल केलं. पन्नासहून अधिक अंदाजकर्त्यांनी ते इतर पद्धतींशी ताडून पाहिलं आणि ८९ टक्के वेळा यालाच पहिला क्रमांक दिला. नागपुरात ढग-पाऊस टिपणारं डॉप्लर रडार आहे. त्या चित्रांचा अनेक वर्षांचा, खंड न पडलेला साठा संशोधकांना सहज मिळाला, तर असं काम इथे का होऊ नये? तंत्र जाहीर आहे. साठ्याचा प्रश्न आहे.

दवाखान्यांबद्दल मी जरा कडक लिहिणार आहे. २०१८ मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्रालयासोबतचं त्यांचं काम अव्वल होतं. डोळ्याच्या थ्रीडी स्कॅनवरून पन्नासहून जास्त विकारांत रुग्णाला किती तातडीने पाठवायचं, हे मॉडेल ९४ टक्के वेळा बरोबर सांगत होतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधल्या सात लाखांवर रुग्णांच्या नोंदींवरून मूत्रपिंड अचानक बिघडण्याचा इशारा ४८ तास आधी देणारं मॉडेल आलं. पेपर उत्तम. पण खोलात वाचा: एका खऱ्या इशाऱ्यामागे दोन खोटे, आणि नोंदींतले ९० टक्क्यांहून जास्त रुग्ण पुरुष. हे जसंच्या तसं नागपूरच्या मेयो रुग्णालयाच्या महिला वॉर्डात आणून ठेवायचं का? माझं उत्तर नाही.

त्याआधीच एक प्रकरण झालं होतं. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालय ट्रस्टने मूत्रपिंडाच्या बिघाडाचा इशारा देणाऱ्या स्ट्रीम्स या ॲपच्या चाचणीसाठी सुमारे १६ लाख रुग्णांच्या नोंदी डीपमाइंडकडे दिल्या. २०१७ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी, हे करताना ट्रस्टने माहिती-संरक्षण कायदा पाळला नाही, असा निर्णय दिला. विशेष म्हणजे त्या ॲपमध्ये एआय नव्हतंच. ठरलेल्या सूत्रावर परिचारिकांना आणि डॉक्टरांना इशारा जायचा. पुढे ते बंदही झालं. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. तुमच्या प्रोजेक्टसाठी एखाद्या दवाखान्यातला ओळखीचा माणूस पेनड्राइव्हवर एक्स-रे द्यायला तयार झाला, तर घेऊ नका. रीतसर परवानगी काढा. वेळ लागतो, लागू द्या.

आणखी एक उदाहरण गूगलच्याच आरोग्य गटाचं. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम ओळखणारं मॉडेल त्यांनी केलं, त्यात मदुराईचं अरविंद आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय यांचा मोठा सहभाग होता. कागदावर निकाल तज्ज्ञांच्या तोडीचे. थायलंडच्या सरकारी दवाखान्यांत ते नेल्यावर जवळपास एक-पंचमांश फोटो मॉडेलने नाकारले, कारण खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता. इंटरनेट रडतखडत. नाकारलेल्या रुग्णाला दूरच्या रुग्णालयात जायला सांगायचं, तर त्याची मजुरी बुडणार. २०२० मध्ये हा अभ्यास त्यांनी स्वतःच छापला, हे त्यांचं मोठेपण. माझ्या धंद्यातही हेच. संत्र्यांच्या प्रतवारीत मॉडेलपेक्षा जास्त डोकं कॅमेऱ्यावर बसणाऱ्या धुळीने आणि लोडशेडिंगनंतर बदलणाऱ्या दिव्यांनी खाल्लंय.

उरलेलं भराभर. गूगलच्या डेटा सेंटरमधलं कूलिंग: २०१६ मध्ये थंड करायला लागणारी वीज ४० टक्क्यांपर्यंत घटल्याचं त्यांनी सांगितलं, २०१८ पासून यंत्रणा दर पाच मिनिटांनी हजारो सेन्सर वाचून स्वतः बदल करू लागली. खरा, मोजता येणारा फायदा. पण तिथे हजारो सेन्सर आधीच लागलेले होते. आपल्याकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये निम्मे सेन्सर बंद आणि उरलेल्यांचं रजिस्टर हाताने भरलेलं, तिथे आधी सेन्सर दुरुस्त करा. बोलणाऱ्या आवाजाचं वेव्हनेट (२०१६) वर्षभरात गूगल असिस्टंटमध्ये आलं. गणितात २०२४ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडच्या प्रश्नांवर ४२ पैकी २८ गुण, २०२५ मध्ये ३५, म्हणजे सुवर्णपदकाची पातळी. नवे पदार्थ शोधणाऱ्या नोम या मॉडेलमधून (२०२३) २२ लाख नवे स्फटिक जाहीर झाले, पण अँथनी चीथम आणि राम शेषाद्री या रसायनशास्त्रज्ञांनी यादी तपासून, त्यात खरोखर नवं आणि उपयोगी म्हणावं असं फारसं दिसत नाही, असा आक्षेप घेतला. मला तो पटतो. आकडा मोठा म्हणजे शोध मोठा असं नसतं.

जेमिनीबद्दल सगळेच बोलतात, मी एकच सांगतो. मराठीत ते चांगलं लिहितं, तरी वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतलं बोलणं ऐकून समजण्यात सगळीच मॉडेल्स अजून धडपडतात. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था गूगलच्या मदतीने ‘वाणी’ प्रकल्पात देशभरच्या जिल्ह्यांतून लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून खुलं करतेय. पुन्हा तेच. आधी नोंदी.

कापसाबद्दल विचाराल म्हणून सांगतो, तिथे डीपमाइंडपेक्षा आपल्याकडचंच काम पुढे आहे. मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेचं कॉटनएस ॲप कामगंध सापळ्यात (गंधाने पतंगांना ओढणाऱ्या) अडकलेल्या पतंगांचा फोटो घेऊन ते मोजतं आणि फवारणी करायची का ते सांगतं. गुलाबी बोंडअळीसाठी सापळ्यामागे रोज ८ पतंग, सलग ३ दिवस, ही नुकसानीची पातळी कृषी शास्त्रज्ञांनी आधीच ठरवलेली होती. मॉडेलला फक्त मोजायचं होतं. प्रश्न असा आवळून घेता आला पाहिजे. वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे. ‘एआय वापरून शेती’ असा विषय घेऊन तिथे जाऊ नका, ‘या एका मोजणीत तुमचा किती वेळ जातो’ असं विचारत जा.

सुरुवात कुठून, तर दोन कामं सुचवतो, दोन्ही बिनपैशाची. पहिलं: आल्फाफोल्डच्या साठ्यात मानवी बीटा ग्लोबिन उघडा, क्रमांक पी६८८७१. मग कोलॅबफोल्ड (आल्फाफोल्ड ब्राउझरमधून चालवायची फुकट सोय) वापरून सिकलसेलचा क्रम चालवा आणि दोन आकार एकावर एक ठेवा. लक्षात ठेवा, साठ्यात सुरुवातीचं मेथिओनिनही मोजतात, त्यामुळे पुस्तकातली सहावी जागा तिथे सातवी दिसेल. फरक का दिसत नाही यावर दोन पानं लिहा. मुलाखतीत त्या दोन पानांवर तासभर बोलता येईल.

दुसरं जास्त कष्टाचं आणि जास्त उपयोगाचं. पुण्याच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत फुकट मिळतो. गूगलच्या वेदरबेंच २ या खुल्या संग्रहात ग्राफकास्टचे २०२० सालचे अंदाज आहेत. विदर्भाच्या चौकटी काढा आणि जून ते सप्टेंबर ताडून पाहा: तीन दिवस आधीचा अंदाज कसा, सात दिवस आधीचा कसा, ६५ मिलिमीटरवरचे दिवस किती हुकले. इथे बहुतेक मुलं एका जागी आपटतात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे जागतिक वेळेनुसार पहाटे ३ ला. आणि मॉडेलचे टप्पे सहा-सहा तासांचे, ०, ६, १२, १८ वाजता. दोन्ही दिवस तंतोतंत जुळतच नाहीत. तसेच जोडून टाकले तर पहाटेचा पाऊस चुकीच्या तारखेला पडतो आणि तुम्ही मॉडेलला विनाकारण नापास करता. आधी पाच-पाच दिवसांच्या बेरजा करून ताडा, मग एकेका दिवसाकडे या, आणि तीन तासांचा हा फरक तुमच्या तक्त्याखाली स्पष्ट लिहा.